मैनाबाईची परतलेली भाजी

मैनाबाईच्या घरातून धूर निघाला की आमच्या अत्याबाई हातातलं काम टाकून परसदार लावून घ्यायच्या. अत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. "मिरचीचा न्हाई, मिठाचा न्हाई, कशाचा धूर हाय ह्यो?" असं स्वतःशीच म्हणत त्या कपाळाला विभूती लावायच्या. त्या धुराला तापलेल्या करडईच्या तेलाचा आणि लसणाचा वास असायचा, दुसरं काही नाही. पण गावात तसा धूर कुणाच्याच चुलीतून निघत नव्हता. आणि त्या धुरापाठोपाठ कढईत काहीतरी किंचाळल्यासारखं वाजायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातलं सूप खाली पडलं होतं.

मी तलवाड्यात नांदायला आले तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमचं लिंगायत वाण्याचं घर, पुढच्या बाजूला किराण्याचं दुकान. शेजारी सखारामचं घर, मध्ये कमरेएवढी मातीची भिंत. सखाराम मराठ्याचा. तरुणपणी गावात भागेना म्हणून तो मद्रासहून बोटीत बसून रंगूनला गेला, तिथं भाताच्या गिरणीत लागला, पट्ट्यात पाय सापडून लंगडा झाला आणि परत आला तो बायको घेऊन. ती चिनी होती. बाप रंगूनला सुतारकाम करायचा, आई चीनमधल्या कुठल्याशा खेड्यातून आलेली. तिचं खरं नाव तिनं मला सांगितलं होतं. ते म्हणताना तिचा आवाज वर चढून खाली उतरायचा. मी म्हणायला लागले की ती हसून हात हलवायची, म्हणजे राहू दे. सखारामनं तिचं मैना केलं. गाव तिला रंगूनवाली म्हणायचं. भावांनी सखारामला पंक्तीतून उठवलं होतं, आणि ती समोरून आली की बायका कडेवरच्या पोराच्या तोंडावर पदर टाकायच्या.

ती बुटकी होती, खांद्यांनी रुंद, चालायची भरभर. लुगडं नीट नेसायची, पण डोक्यावरचा पदर तिला कधी राखता आला नाही. मराठी सखारामकडून शिकलेली, म्हणून बोलायची ती पुरुषासारखी. "मी गेलतो," असं म्हणायची, आणि आम्ही सुना भिंतीआड तोंडात पदर कोंबून हसायचो.

तिचा सगळा जीव पालेभाजीत. आमच्याकडे भाजी म्हणजे पाला उकडायचा, ते हिरवं पाणी फेकून द्यायचं, पाला पिळायचा, मग डाळीचं नाहीतर ज्वारीचं पीठ लावून पुन्हा रटरटत ठेवायचा. काळीशार होईपर्यंत शिजली म्हणजे पोटाला बाधत नाही असं अत्याबाई सांगायच्या. मैनाबाई हे भिंतीवरून बघायची आणि तोंड कसनुसं करायची. एकदा मी ते पाणी मोरीत ओतत होते तर तिनं दोन्ही हात पुढं केले, जणू मी तूप सांडत होते. "कावून टाकती? त्यातच सगळं हाय!"

तिची रीत वेगळी. आधी प्रत्येक काडी अंगठ्याच्या नखानं मोडून बघायची. कट्ट वाजली तर ठेवायची, वाकली तर शेळीला. मग धुवायची, पाणी बदलून बदलून, तळाशी माती दिसेनाशी होईपर्यंत. मग पाला फडक्यावर पसरून वाळवायचा, कारण पाण्यानं आग मरते. जाळ तुरीच्या वाळल्या तुराट्यांचा, एकदम भडकणारा. लोहाराकडून ठोकून घेतलेल्या खोलगट कढईत तेल धुरावलं की ठेचलेला लसूण, लगेच काड्या, आणि काड्यांचा रंग उजळला की पानं. मग उलथनं असं चालायचं की हात दिसायचा नाही. चिमूटभर मीठ, आणि कढई खाली. आपण पदर खोचून बसावं तोवर तिची भाजी झालेली असायची, आणि ताटात पडल्यावरही हिरवीगार.

"पान मरू द्यायचं न्हाई," ती म्हणायची. "मेलेलं पान खाऊन माणूस बी तसंच."

मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या वर्षी पाऊस आलाच नाही. आदल्या सालीही तो नावालाच पडला होता. ओढा आटला, मग विहिरींचे तळ दिसायला लागले. गुरांचे मालक गुरं घेऊन गोदाकाठाला गेले. दुकानात गिऱ्हाईक यायचं ते ज्वारी आणि मीठ मागायला, दुसऱ्या कशाला हात लावत नव्हतं. भाजी नावाचा प्रकार ताटातून गेला. हिरवं म्हणून काही उरलं होतं ते मैनाबाईच्या परसात. न्हाणीचं पाणी ती थेंबभर वाया जाऊ द्यायची नाही. त्या ओलीवर तिनं रताळ्याचा वेल आणि भोपळा धरला होता, कडेनं तांदुळजा. रताळ्याचा पाला आणि भोपळ्याचे शेंडे ती खायची. आमच्याकडे रताळ्याचा पाला जनावराला घालतात. सगळा गाव सुकलेला आणि एक रंगूनवालीचं परस हिरवं, हे लोकांच्या डोळ्यात यायला लागलं.

एका सकाळी तिच्या उंबऱ्यावर लिंबू ठेवलेलं होतं, हळदीकुंकू लावलेलं, टाचण्या टोचलेलं. मी भिंतीपाशी होते. माझ्या अंगावर काटा आला. मैनाबाईनं ते उचललं, टाचण्या काढून कनवटीला लावल्या, लिंबू धुतलं आणि नाकाशी धरलं.

"टाका ते! हात लावू नका, मैनाबाई," मी ओरडले.

"रसाचं हाय. कावून टाकू?"

दुपारी तिनं ते भाजीवर पिळलं. सखाराम जेवला नाही. उंबऱ्यात बसून रस्त्याकडे बघत राहिला. ही गोष्ट सांगून आम्ही दोघी जावा पुढं पुष्कळदा हसलो असतो, पण त्यानंतर जे घडत गेलं त्यानं ती हसायची राहिली नाही.

माझी थोरली जाऊ गिरजाबाई तेव्हा पोटुशी होती, सहावा लागलेला. एके संध्याकाळी ती देवळीतला दिवा घ्यायला गेली आणि भिंत चाचपडायला लागली. दिवा हाताशी होता. मी म्हटलं, "अहो बाई, हा काय!" तर ती म्हणाली, "दिसत न्हाई गं धाकटे. दिवस मावळला की मला काहीच दिसत न्हाई." किती दिवस असं होतंय विचारलं तर रडायला लागली. गावात असं पुष्कळांना झालं होतं. तिन्हीसांजेला पोरं खेळता खेळता जागच्या जागी बसायची आणि आयांना हाका मारायची, कुणीतरी येऊन हाताला धरून नेईपर्यंत. गल्लीत त्या हाका ऐकू यायला लागल्या की अत्याबाई जप मोठ्यानं करायच्या. कुणी म्हणायचं देवी कोपली, कुणी म्हणायचं बाधा. रातांधळं हे नाव सगळ्यांना माहीत होतं, पण ते एकाला व्हावं. गल्लीच्या गल्लीला झालेलं कुणी पाहिलं नव्हतं.

मैनाबाईनं गिरजाबाईला अंगणात ठेचकाळताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी मला भिंतीपाशी बोलावलं. पळसाच्या पानात भाजी होती.

"हिला दे. रोज. तेलातली. तेल पायजे, तेलाबिगर डोळ्याला लागत न्हाई."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आय सांगायची. तिची आय बी." तिनं आपल्या पोटावर हात ठेवला. "पोटातलं पोर आयचे डोळे खातं. मग आयला पान द्यायचं."

गिरजाबाईनं पहिला घास भीत भीत घेतला. काड्या दाताखाली मोडत होत्या. "कच्ची हाय," ती म्हणाली, आणि सगळी खाल्ली. रोज दुपारी अत्याबाई लवंडल्या की भिंतीवरून पान यायचं. महिना लोटायच्या आत एका संध्याकाळी गिरजाबाई परसात उभी राहून मला म्हणाली, "धाकटे, तुझ्या कपाळावरचा घाम दिसतोय मला."

अशी गोष्ट झाकून राहत नाही. बायका पाणी मागायच्या, विस्तव मागायच्या निमित्तानं सखारामच्या मागच्या दाराशी यायला लागल्या. ज्या पोराचं तोंड झाकायच्या त्यालाच पुढं करायच्या. मैनाबाई कुणाला नाही म्हणाली नाही, पण तिचं परस ते केवढं! वेल ओरबाडून ओरबाडून काड्या उरल्या. मग ती रीत सांगायला लागली. जे हिरवं मिळेल ते आणा, मोडून बघा, धुवा, तेलात परता, पाणी फेकू नका. तिचं मराठी तोकडं. जे हातांना कळतं ते तिला तोंडानं सांगता येत नव्हतं. "हातानं बघ, नाकानं बघ," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणायची.

उन्हाळ्याच्या तोंडी एक शिरवं येऊन गेलं. जमीन नुसती ओली झाली, पण गावाबाहेरच्या उकिरड्यांवर हिरवं फुटलं. लोक तिकडं धावले.

पोलीस पाटलाची धाकटी सून चंद्रभागा, तिलाही संध्याकाळचं दिसेनासं झालं होतं. तिनं आपल्या घरची मोलकरीण मैनाबाईकडं पाठवून रीत विचारून घेतली. मोलकरणीनं उकिरड्यावरून ओटीभर पाला खुडून आणला आणि सांगितल्याप्रमाणे तेलात परतला. घरात बाकी कुणी ते कच्चं खायला तयार झालं नाही. चंद्रभागेनं एकटीनं खाल्लं.

ऊन उतरायच्या आत पाटलाच्या वाड्यातून आरडाओरडा ऐकू यायला लागला. मी अत्याबाईंबरोबर गेले होते. चंद्रभागेचा चेहरा लालबुंद झाला होता. ती घटाघटा पाणी मागत होती आणि पाणी दिलं की तिला गिळता येत नव्हतं. डोळ्यांची बुबुळं एवढी मोठी झाली होती की डोळा सगळा काळाच दिसत होता. हवेतून काहीतरी वेचून पदरात टाकत होती, आणि दाराशी कुणी नसताना तिकडं बघून बोलत होती. "या ना, आत या. उन्हात कावून उभ्या?"

"कुणाला बोलावती गं?" तिच्या आजेसासूनं विचारलं. ती म्हातारी पाटलीणबाई, सगळा गाव तिला भ्यायचा.

चंद्रभागा नुसती हसली. पण खोलीतल्या प्रत्येक बाईनं मनात एकच नाव घेतलं.

तेवढ्यात मैनाबाई स्वतःच आली. कुणीतरी तिला सांगितलं असणार. ती तडक चुलीपाशी गेली, निवडलेल्या पाल्याचा कचरा पडला होता त्यात बसली आणि हातानं चिवडायला लागली. एक पान उचलून तिनं चुरगाळलं, वास घेतला आणि उभी राहिली. ते धोत्र्याचं कोवळं पान होतं.

"हे. हे वाईट हाय. ह्यानं झालं. वकारी काढा हिला, लवकर!"

म्हातारी पाटलीणबाई सावकाश म्हणाली, "एवढ्या कचऱ्यातनं हिला नेमकं तेच पान कसं घावलं गं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रभागा गेली.

मोलकरीण देवाची शपथ घेऊन सांगत होती की रंगूनवालीनं सांगितलं तेच केलं. गावातल्या बायका म्हणत होत्या, आपल्या रीतीनं उकडून पाणी फेकलं असतं तर पोर वाचली असती. ते खरं होतं की नव्हतं, मला आजही कळलेलं नाही. मैनाबाईलाही हा प्रश्न पडला असावा. त्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही. भिंतीपाशी येऊन मला म्हणाली, "मी सांगितलं न्हाई. वाईट पान सांगितलं न्हाई मी. मला वाटलं, तुमच्या देशातलं पान तुमाला ठाव असंल."

चंद्रभागेचा तिसरा दिवस उरकला आणि दुपारी पाटलाची माणसं आमच्या गल्लीत आली. मागून सगळा गाव. त्यांनी त्याच उकिरड्यावरचा पाला टोपलीभर आणला होता. टोपली मैनाबाईच्या दारात आदळून म्हातारी पाटलीणबाई म्हणाली, "तुझी भाजी चांगली म्हणतीस न्हवं? मग कर आन् खा. आमच्या म्होरं."

सखाराम लंगडत पुढं आला. पाटलाच्या पायाशी बसून म्हणाला, "मालक, मी घेऊन जातो हिला. आजच जातो."

"गप बस बे," पाटील म्हणाला.

मैनाबाईनं टोपली उपडी केली आणि निवडायला बसली. सगळा गाव उन्हात उभा होता. तिनं घाई केली नाही. एक एक काडी नखानं मोडली. धोत्र्याचं पान आलं की ते वर धरायची, सगळ्यांना दिसेल असं, आणि बाजूला ठेवायची. वेगळ्या पानांचा एक छोटा ढीग झाला. मग तिनं दारातच तीन दगड मांडले, तुराट्या पेटवल्या. तेल तापलं, पाला कढईत पडला, ते किंचाळणं गल्लीभर घुमलं आणि पुढची माणसं मागं सरकली. तिनं कढईतूनच खाल्लं. पुन्हा पुन्हा हात घालत, आमच्याकडे बघत.

आमच्या उंबऱ्यात गिरजाबाई उभी होती, आठवा महिना. ती एकदम बोलली. "मी खाल्लीय ही. रोज खाल्लीय. मला रातचं दिसतंय आता."

मी अत्याबाईंकडे बघितलं. वाटलं, आता ही बाई गिरजाबाईला घरात ओढणार. पण अत्याबाई जागच्या हलल्या नाहीत. पाटलाकडे न बघता म्हणाल्या, "मला ठाव हाय. भिंतीवरनं पान येतं ते मला पयल्या दिसापास्नं ठाव हाय. माझ्या सुनेला दिसायला लागलं हे खरं हाय."

गर्दीत कुजबुज झाली. दोन-चार आया पुढं सरकल्यासारख्या वाटल्या. एवढ्यानं सगळं निवळेल असं मला त्या घटकेला खरंच वाटलं.

सावल्या लांब होईपर्यंत लोक थांबले. मैनाबाईला काही झालं नाही. ती कढई घासून उपडी घालून बसली. मग म्हातारी पाटलीणबाई पुटपुटली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "इख पचवलं तिनं. बघितलं न्हवं? माणसाला पचतं का?"

झालं. पुढं सरकलेल्या आया मागं गेल्या. पाटील उठला आणि सखारामला म्हणाला, येत्या बाजाराच्या दिवसापर्यंत गाव सोड, नाहीतर घरासकट जाशील.

गर्दी पांगल्यावर अत्याबाईंनी परसदार लावलं, आतून आडणा घातला. मला म्हणाल्या, "मी बोलायचं ते बोलले. आता भिंतीकडं जायचं न्हाई. आपल्याला ह्याच गावात ऱ्हायचंय." मी त्यांना वाईट म्हणू शकत नाही. गिरजाबाईच्या बाळंतपणाला ह्याच गावातली सुईण लागणार होती.

त्या चार दिवसांत कुणीतरी मैनाबाईचे वेल मुळासकट उपटून टाकले. विहिरीवर तिला पोहरा टाकू देईनात. आणि एक गोष्ट मला तेव्हा फार चमत्कारिक वाटली. गावात कुणीच हिरव्या पानाला हात लावीना. उकिरड्यावरचा तांदुळजा फुलाला आला, वाळला, पण खुडायला कुणी गेलं नाही. तिन्हीसांजेच्या हाका वाढल्या. पुढं त्यातल्या काही पोरांच्या डोळ्यांत फूल पडलं, आणि त्यांना दिवसाउजेडीही हाताला धरून न्यावं लागलं. गिरजाबाईला मुलगी झाली, चांगल्या डोळ्यांची. अत्याबाईंनी तिची दृष्ट काढली नाही असा एक दिवस गेला नाही.

सखारामचा विचार गोदावरी उतरून शेवगावकडं, इंग्रजी मुलखात जायचा होता. तिकडं त्याची बहीण होती. ती दोघं तिथं पोचली का, हे कधी कळलं नाही. आमच्या दुकानात पलीकडचे व्यापारी यायचे. माझ्या मालकांनी एकदोघांना विचारून पाहिलं. लंगडा माणूस आणि चिनी बाई, लपून राहण्यासारखी जोडी नव्हती. कुणी पाहिली नव्हती.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते बाजाराच्या दिवशी, भर उन्हात. मी माळवदावर वाळवण उलटायला गेले होते. गावाबाहेरची वाट तिथून लांबवर दिसते. पुढं मैनाबाई होती, डोक्यावर बोचकं, नेहमीसारखी भरभर चालत. मागं काठी टेकत सखाराम. त्यांच्या मागं, बरंच अंतर ठेवून, पाटलाची दोन माणसं चालली होती. त्यांच्याही हातात काठ्या होत्या. सामान नव्हतं. बाजाराची वाट ती नव्हती.

मैनाबाईनं एकदा मागं वळून बघितलं. त्या दोघांकडं बघत ती थोडा वेळ उभी राहिली. सखाराम तिच्यापाशी पोचला, काहीतरी बोलला. तिनं त्याला पुढं जायची खूण केली, त्याला पुढं जाऊ दिलं, आणि स्वतः त्याच्या मागं झाली. मग पुन्हा चालायला लागली, आता सावकाश, त्याच्या लंगड्या चालीनं, त्याच्या आणि त्या माणसांच्या मधोमध.

पुढं ओढ्याचा उतार आहे. आधी सखाराम दिसेनासा झाला, मग ती, थोड्या वेळानं ती दोन माणसं. पलीकडच्या चढावर कोण वर येतंय ते बघायला मी डोळ्यांवर हात धरून उभी राहिले. तेवढ्यात अत्याबाईंनी खालून हाक मारली, लगेच दुसरी मारली, आणि मला खाली उतरावं लागलं.